तळ्याकाठचा डबा

न्युरेम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळाच्या जेवणात, हातात ताट असताना, कुणी ना कुणी मला गाठतंच. "तुमचा तळ्यावर कॅराव्हान होता ना? आम्हीही एक बघतोय. कसं असतं ते?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत तळं आधीच चमकत असतं. मी ताट खाली ठेवते आणि सांगते, घेऊ नका. नवरा शेजारून म्हणतो, "अगं, त्यांचं ऐकून तर घे." मी ऐकून घेत नाही. सहा वर्षं मी ते प्रकरण सांभाळलं आहे, त्यामुळे या एका विषयात मला कुणाचं ऐकून घ्यायची गरज वाटत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅराव्हान म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकावरचं घर. पण हा ओढायचा नसतो. कॅम्पिंगच्या आवारात वर्षाच्या भाड्याने जमिनीचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर तो एकदाच आणून उभा करायचा, पुढे जाड कापडाची ओसरी जोडायची, भोवती कुंपण लावायचं, आणि मग दर सुट्टीला तिथेच जायचं. चाकं असतात, पण ती फिरत नाहीत. जर्मन माणसं अशा ठिकाणी तीस-तीस उन्हाळे आनंदात काढतात. आपण काढू शकतो का, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही.

आम्ही तो घेतला माझ्या सासऱ्यांसाठी. सासूबाई गेल्यावर बाबा अकोल्यात एकटे होते. पोस्टातून निवृत्त झालेले, स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा. संध्याकाळी ओट्यावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचं, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. आम्ही त्यांना न्युरेम्बर्गला आणलं की पहिला आठवडा बरा जायचा. मग ते खिडकीशी जाऊन बसायचे. आमचा चौथा मजला. खालून जाणारं कुणी मान वर करून बघत नसे. "तुम्ही कामाला जाता, पोरगी शाळेत जाते. मी काय इथं न सोडवलेलं पार्सल हाये का?" असं ते एकदा म्हणाले. जन्मभर पोस्टात काढलेल्या माणसाने हे म्हणावं, ते मला फार लागलं. व्हिसा तीन महिन्यांचा असायचा, आणि पाचव्या आठवड्यातच ते परतीची तारीख अलीकडे घ्या म्हणून मागे लागायचे. त्यांनी इथे रमावं, निदान उन्हाळाभर तरी आमच्याजवळ राहावं, एवढंच आम्हाला हवं होतं.

त्याच उन्हाळ्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने आम्हाला शहराबाहेर तासाभरावरच्या तळ्यावर बोलावलं. त्याचा तिथे असाच कॅराव्हान होता. बाबांना खुर्ची टाकून दिली. समोरच्या पायवाटेवरून माणसं पोहायला चाललेली, भांडी धुवायला चाललेली, कुत्र्याला फिरवायला चाललेली, आणि प्रत्येक जण बाबांकडे बघून "ग्र्यूस गॉट" म्हणून पुढे जात होता. बाबा प्रत्येकाला हात जोडून नमस्कार घालत होते. संध्याकाळी गाडीत बसताना ते म्हणाले, "इथं माणसं दिसतात, बेटा." पुढच्या वसंतात आम्ही तिथेच एक जुना कॅराव्हान घेतला. बाबांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हा तर रेल्वेचा डबा हाये." तेव्हापासून तो डबा.

विकत घेताना तो स्वस्त वाटतो, आणि फसायला होतं ते तिथेच. खर्च त्याच्या आत दडून बसलेले असतात. जागेचं भाडं दर वर्षी थोडं वाढतं आणि ते एकरकमी भरायचं असतं, तुम्ही तिथे दहा रात्री झोपा नाहीतर शंभर. वीज कॅम्पच्या मीटरवर, घरच्यापेक्षा महाग. कचऱ्याचे वेगळे. गॅसच्या नळीची ठरावीक वर्षांनी तपासणी, तिचे वेगळे. गावाच्या नगरपालिकेच्या लेखी हे आमचं दुसरं घर, म्हणून त्यावर कर. विमा घेतला, पण वादळात कापडी ओसरी फाटली तर त्यात धरत नाहीत, हे ओसरी फाटल्यावर कळलं. आकडे मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की त्या पैशात दर वर्षी आम्हा तिघांना चांगल्या हॉटेलात राहता आलं असतं, आणि तिथला संडास आम्हाला साफ करावा लागला नसता.

संडासाचं सांगायलाच हवं. डब्यात एक छोटा संडास होता, त्याखाली प्लॅस्टिकची पेटी. ती भरली की हाताने ओढत कॅम्पच्या टोकाला नेऊन ओतायची. माझा नवरा ऑफिसात वीस माणसांचा साहेब आहे. शनिवारी सकाळी तो ती पेटी घेऊन निघाला की वाटेत सगळे त्याला हसून सुप्रभात म्हणायचे, कारण त्यांच्याही हातात तेच असायचं. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दोन दिवस त्या संडासात गेले नाहीत. आंघोळीच्या सार्वजनिक इमारतीपर्यंत चालत जायचे, पाऊस असला तरी. "पोराला इंजिनीअर केलं ते याच्यासाठी नाही," एवढंच म्हणाले. आमच्या बापजाद्यांनी कुठली कामं नाकारली आणि त्यासाठी काय सोसलं हे मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यावर विनोद केला नाही. पुढे त्यांनीच मन समजावलं. "इथं सगळेच नेतात ना," ते म्हणाले, "मग ठीक आहे." आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दुसरा ताप दुपारचा. एक ते तीन कॅम्पवर मिटाग्सरुहे, म्हणजे दुपारची सक्तीची शांतता. फाटक बंद, गाडी आत येत नाही, गवत कापायचं नाही, पोरांनी ओरडायचं नाही. नेमकं त्याच वेळी आमचं जेवण शिजायचं. बुद्धपौर्णिमेला मी खीर केली, सोबत वरण-भाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दुसरीला दोन डबे सोडून राहणारे आजोबा चड्डीवर बाहेर आले, त्यांना वाटलं गॅस फुटतोय. तिसरीची मी वाट पाहिली नाही. कॅम्पचा व्यवस्थापक आला आणि त्याने अतिशय नम्रपणे विचारलं, की हे यंत्र तीननंतर चालवता येईल का. मुलगी मला जर्मनमध्ये म्हणाली, "आई, मी तुला सांगितलं होतं." बाबांनी मात्र खिरीच्या वाट्या भरून घरोघरी पोचवल्या, त्या चड्डीवाल्या आजोबांनाही. तेव्हापासून आम्ही जेवायला चार वाजता बसायला लागलो, आणि माझी सुट्टी स्वयंपाकाच्या वेळा सांभाळण्यात जायला लागली.

त्यात पाहुणे. आपल्यात कुणी जागा घेतली की पहिलं वाक्य असतं, "या ना एकदा." आम्ही ते सगळ्यांना म्हटलं. आणि सगळे आले. न्युरेम्बर्गमधली झाडून सगळी ओळखीची मंडळी, गार्चिंगच्या विद्यापीठात असलेल्या भाच्याचे पीएचडीवाले मित्र, त्यांच्या मित्रांचे मित्र. प्रत्येक पाहुण्यामागे कॅम्पला दिवसाचे पैसे भरायचे असतात हे आपल्या माणसांना सांगायचं कसं? नवरा गुपचूप जाऊन भरून यायचा. मी पोहे परतत राहायचे. तळं दिसायचं, पण त्यात उतरायला सवड नसायची. या काळात मी एकूण चार-पाच वेळा पोहले असेन, आणि हे मी रागानेच लिहिते आहे.

आता ओट्याचं. दुसऱ्या वर्षी बाबा आले तेव्हा त्यांना घडीच्या खुर्चीचा कंटाळा आला होता. आम्ही दोघं सोमवारी शहरात कामाला परतायचो, ते आठवडाभर तिथेच राहायचे. शुक्रवारी आलो तर डब्याच्या पुढे ओटा उभा. शेजारच्या निवृत्त गवंड्याला त्यांनी हाताच्या खुणांनी समजावलं होतं, दोघांनी मिळून कुंपणापलीकडे पडून असलेले दगड आणले होते, आणि सिमेंट ओतून मांडीएवढ्या उंचीचा, तिघं ऐसपैस बसतील असा ओटा बांधला होता. दोघंही त्यावर बसून बिअर आणि चहा पीत होते, ज्याचं त्याचं. मुलगी ओरडली, "आबर आजोबा, दास दार्फ मान निश्ट!" असं चालत नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं. भाड्याच्या त्या तुकड्यावर जमिनीत पक्कं काही बांधायला मनाई असते. सगळं उचलून नेता आलं पाहिजे.

व्यवस्थापक आला, त्याने ओट्यावर हात फिरवला, बाबांकडे पाहिलं. बाबांनी सरकून त्याला जागा करून दिली. तो बसला. जाताना नवऱ्याला म्हणाला, "आजोबा येतात तोवर राहू दे. जागा सोडाल तेव्हा मात्र गवत होतं तसं गवत हवं." तो धरून तीन उन्हाळे त्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. बाबा आता तीन महिने पूर्ण राहायचे. परतीच्या तारखेचं नावही काढायचे नाहीत. तेव्हा मला वाटायचं, होऊ दे खर्च. आमचं काम झालं होतं.

मग बाबांच्या हृदयात स्टेंट बसले. नवरा आठवड्यासाठी एकटा अकोल्याला जाऊन आला. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं, आणि प्रवासाचा विमा देणाऱ्यांनी तर बोलायलाच नकार दिला. बाबा येणार नव्हते. डबा मात्र होता तिथेच होता.

त्याच्याशी खरी गाठ पडते ती तेव्हा. जायचं कारण उरलेलं नसतं आणि तरी जावं लागतं. मार्चमध्ये उघडायचा, बुरशी पुसायची, उंदरांनी गाद्यांत केलेली घरं काढायची. मे अखेरीस शाळेला सुट्टी, ती तिथेच, कारण भाडं भरलेलं. उन्हाळ्याची सुट्टी तिथेच. कुंपणाची झाडी वाढली तर पत्र येतं. ऑक्टोबरात नळांतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं, नाहीतर थंडीत सगळं फुटतं. आमच्या दोघांच्या रजा अशाच संपायच्या, आणि अकोल्याला जाणं पुढच्या वर्षावर जायचं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. "यंदा नक्की," असं आम्ही फोनवर म्हणायचो, आणि म्हणताना खरंच तसं वाटायचं.

बाबा फोनवर एकच मागायचे. "डबा दाखवा." नवरा मोबाइल घेऊन फिरायचा. ओटा, ओसरी, कुंपण, शेजारचा गवंडी हात हलवणारा, मग पायवाटेने तळ्यापर्यंत. बाबा सगळं विचारायचे. गवत कापलं का, गवंड्याचा गुडघा कसा आहे, बदकं आली का. "त्यांचा जीव आहे त्यात," नवरा म्हणायचा. "डबा विकला तर त्यांचं इकडचं सगळंच संपलं असं वाटेल त्यांना." त्यामुळे मी विकण्याचा विषय काढला की तो उठून जायचा. मलाही पटायचं. त्या माणसाकडे इथलं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

या मार्चमध्ये डबा उघडला तर आत जमीन फुगलेली. गरम पाण्याच्या टाकीतलं पाणी काढायचं राहून गेलं होतं. टाकी फुटून पाणी फळ्यांखाली शिरलं होतं. नवरा गुडघ्यावर बसून फळी उचलत होता, ती हातात भुग्यासारखी आली. मी दारात उभी राहून म्हटलं, "बस. आता नाही." या वेळी तो उठून गेला नाही.

विकायला काढलं तेव्हा शेवटचे धडे मिळाले. तळ्याकाठच्या जागेसाठी लोकांची रांग होती, डब्यासाठी कुणीच नव्हतं. एक जोडपं आलं. बाईंनी आत पाऊल टाकलं, नाक वर केलं आणि विचारलं, "हा कसला वास?" हिंग, मोहरी, लसूण. सहा वर्षांची फोडणी गाद्यांत, पडद्यांत, लाकडात मुरली होती. मी त्या घरात खिडक्या उघडून किती स्वयंपाक केला होता, आणि तरी. मला राग आला. वासाचा नाही, त्या नाकाचा. शेवटी एका तरुण मुलाने तो फुकटच्या भावात, स्वतः दुरुस्त करतो म्हणून नेला. ओसरीचं कापड आणि ओल्या गाद्या टाकून यायचे पैसे आम्हीच भरले. राहिला ओटा. गवत होतं तसं गवत हवं होतं. नवरा आणि गवंडी दोघांनी घणाने तो फोडला. गवंडी मध्येच थांबायचा, डोळे पुसायचा, धूळ गेली म्हणायचा. मी ढिगारा घमेल्याने भरत राहिले आणि मलाही रडू आलं.

"बाबांना सांगायचं नाही," परतताना नवरा म्हणाला. "जुने व्हिडिओ आहेत माझ्याकडे. तेच थोडे थोडे दाखवू." मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. स्टेंट बसलेल्या माणसाला धक्का नको, हे मलाही कळत होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं न उघडता, न लपवता ज्याने पोचवली, त्याला खोटे व्हिडिओ दाखवायचे? ते मी होऊ देणार नव्हते. मी सांगेन म्हटलं.

रविवारी सकाळी फोन लावला. अकोल्यात दुपार होती, बाबा खाटेवर बसलेले. नवरा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने.

"बाबा, एक सांगायचंय. आपण डबा विकला."

"कधी?"

"परवा. आतून सडला होता हो."

"ओटा?"

"तो फोडावा लागला."

"बरं झालं."

मी समजावण्याची सगळी वाक्यं तयार करून बसले होते, ती तशीच राहिली. "अहो, पण तुम्ही दर वेळी डबा दाखवा म्हणायचात. आम्हाला वाटलं तुमचा जीव आहे त्यात. म्हणून तर ठेवला एवढे दिवस."

"डब्यात काय पाहाचं होतं, बेटा?" बाबा म्हणाले. "घरून फोन केला की तुमचं आपलं, गोळ्या घेतल्या ना, जेवले ना, ठेवतो. डबा दाखवतो म्हटलं की पोरगा मला तळ्यापर्यंत फिरवून आणे. अर्धा घंटा बोले माझ्याशी."

दाराशी कप ठेवल्याचा आवाज आला.

"मग आता सुट्टीत तिकडं जावं नाही लागत तुम्हाले?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग इकडं या की." तक्रार नव्हती त्यात काही. शेजाऱ्याला ओट्यावर बोलवावं तसं ते म्हणाले. "मी आधी म्हटलं नाही. म्हटलं पोरांनी एवढा पैसा घातला, त्यांचं मन लागलं असंल तिथं."

नवरा कॅमेऱ्यासमोर आला. "मे अखेरीस येतो, बाबा. शाळेला सुट्टी लागली की."

"मे मध्ये? नवतपा असते तेव्हा, नऊ दिवस नुसती आग. भाजून निघाल. पोरीले सोसणार नाही."

"इष कॉम आउख!" मुलगी आपल्या खोलीतून ओरडली, आणि मीपण येणार म्हणत बाहेर आली.

"मे मध्येच," मी म्हटलं. "आणि पूर्ण सुट्टीभर. परतीची तारीख अलीकडे घेणार नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "मग थांबा, कूलरच्या जाळीत भराचं गवत उरलं का ते पाहून येतो." फोन खाटेवर उताणा ठेवून ते उठले. आम्ही तिघं त्यांच्या खोलीतला पंखा बघत, ते परत येईपर्यंत थांबलो.